भीमपलासीतला अंतरा

तेवीस वर्षांच्या संगप्पाने भीमपलासीत एक चीज बांधली होती. अस्ताई, म्हणजे चिजेचा पहिला भाग, एका बैठकीत सुचली. पुढच्या अंतऱ्यात तार षड्जावरून थेट खालच्या कोमल गंधारावर घेतलेली उडी मात्र चार महिन्यांनी हाती लागली.

आज नामवंत गवई हिंदुरावबुवा सोलापुरात होते. चार वाजता नाट्यगृहात त्यांचे गाणे होते. त्यांनी चीज उचलली, तर ती मिरजेपासून धारवाडपर्यंत पोचणार होती.

बुवांच्या बिऱ्हाडाच्या जिन्यावर संगप्पाचे गुरू, सारंगीवाले कासीमचाचा, यांनी त्याला बजावले, "नवी म्हणशील तर बुवा पान लावत बसतील. माझ्या आज्ज्याची चीज हाय म्हण. नव्याला कोन इचारतंय?"

वर गेल्यावर संगप्पाने चीज चाचांच्या आज्ज्याची म्हणून सांगितली आणि चाचांच्या सारंगीच्या साथीने गायला. बुवांच्या हातातले पान हातातच राहिले.

"अरे, ही आमच्या गुरुजींच्या तोंडून ऐकलेली," ते म्हणाले. "तीस वर्षं शोधतोय. आज हीच म्हणणार. फक्त तुमच्याकडे अंतरा बिघडलाय. गुरुजी अशी उडी कशाला मारतील?" आणि त्यांनी ती जागा पायरीपायरीने उतरून सरळ करून दाखवली.

संगप्पाचे कान तापले. गप्प राहिले, तर तीन तासांत चीज भरल्या सभेत गायली जाणार. पण त्याची म्हणावी ती जागाच तिच्यात नसणार. चाचा डोळ्यांनी दटावत होते.

"बुवा, अंतरा बिघडला न्हाय. म्या तसाच बांधलाय. चीज माझी हाय. खोटं बोललो."

बुवांचा चेहरा उतरला. "मग गुरुजींकडून मी ऐकलं ते काय?"

चाचांनी सारंगीचा गज खाली ठेवला. "चांगली चीज आधी ऐकल्यागत वाटतीच की, बुवा. आन् खोटं मी शिकवलं. त्याला बोलू नका."

"तुमच्या आज्ज्याला तरी आता मधे आणू नका," बुवा म्हणाले. डोळे मिटून त्यांनी ती उडी घेतली. हुकली. पुन्हा घेतली, सूर नेमका गंधारावर उतरला. तिसऱ्यांदा त्यांनी ती केवळ हौसेने घेतली.

"राहू दे अशीच. पण निनावी चीज मी म्हणत नाही. अंतऱ्यात बांधणाऱ्याचं नाव घाल."

आज्ज्याची म्हणून सांगायच्या चिजेत संगप्पाने आतापर्यंत आपले नाव घातलेच नव्हते. त्याने तंबोरा ओढला आणि बोटांवर मात्रा मोजू लागला. आपले नाव गायला इतके खडबडीत आहे, हे त्याच्या प्रथमच ध्यानात आले. शेवटच्या ओळीत चार मात्रा मोकळ्या निघाल्या. तिथे ते बसवून तो गायला, तेव्हा चाचांची सारंगी त्याच्या मागोमाग निघाली होती.