गुबीचं माप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी लावायची नव्हे, कपड्यांची मापं घ्यायची. कारखान्यात माझ्या पिवळ्या अंगावर काळे आकडे उमटले, आणि मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या गळ्यात येऊन पडले. तेव्हापासून तेच माझं घर.

बाईंना एकुलती एक मुलगी. लहानपणी गाल इतके भरलेले, की सगळे तिला गुबीच म्हणत. तिचं माप वाढलं की बाई खूश होत. "अंगाला लागतंय हो पोरीच्या!" मलाही बरं वाटे.

मग गुबी कॉलेजात गेली. नाचाचे एकसारखे ड्रेस शिवायला तिच्या मैत्रिणी घरी आल्या. एक म्हणाली, "गुबे, तू मागेच उभी राहा बाई, नाहीतर आम्ही दिसणारच नाही!" सगळ्या हसल्या. गुबीही हसली. माझं टोक तिच्या हातात होतं, ते तिने मुठीत घट्ट आवळलं.

त्यानंतर ती मला खुंटीवरून गुपचूप न्हाणीघरात नेऊ लागली. कडी लावून कंबर मोजायची, दंड मोजायची, मग मनगटसुद्धा. ताट वाढलं की म्हणायची, "कॉलेजात खाल्लं," नाहीतर, "आज उपास आहे."

बाई स्वतः उपास करणाऱ्या. त्या म्हणत, "अगं, उपास सोडायचाही असतो."

शेजारच्या काकू मात्र कौतुकाने म्हणाल्या, "काय शेलाटी झालीय! आता नाव बदला हिचं." बाईही हसल्या आणि सैल झालेला ड्रेस आत घेऊन घट्ट करून दिला. गुबीचं अंग मला गार लागत होतं. पण टेपेला वाचा कुठली?

परवा अर्धवट शिवलेल्या नव्या ड्रेसचं माप चाललं होतं. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड राखतात, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. गुबी म्हणाली, "आई, या वेळी माया ठेवू नकोस. कापून टाक."

"का गं?"

"उगाच जाड दिसतं. आणि सैल करायची वेळ येणारच नाहीये."

बाईंनी सवयीने कात्री उचलली होती. ती तशीच राहिली. मला धरलेल्या दुसऱ्या हाताला पोरीची हाडं लागत होती.

"येणार नाही म्हणजे? पोरी, तू जेवतेस ना?"

गुबीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिचे गुडघेच वाकले. बाईंनी तिला मिठीत झेललं. मी जमिनीवर घसरले.

दोघी अजून दवाखान्यातच आहेत. माया न कापलेला ड्रेस मशीनवर पडून आहे.

मित्रांनो, मला कंबर मोजता येते, भूक मोजता येत नाही. ते काम माणसांचं. कुणी बारीक झालं म्हणून लगेच शाबासकी देऊ नका, जाड आहे म्हणून हसू नका. जवळ बसवून विचारा, जेवलीस का? आणि आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा गुबीसाठी दोन शब्द बोला. काकू मघाशी दारावरून गेल्या. त्यांना विचारलं कुणीतरी, "कशी आहे पोर?" त्या म्हणाल्या, "अजून सलाईनवर आहे. आणि मी तिला शेलाटी म्हणत होते!"