ऊन दाखवलेला टेम्पे

मी टेम्पे बोलतोय. नाव ऐकून कपाळाला आठी पडली असेल तर पडू द्या. आखाडा बाळापुरात ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांच्याच पडली. सोपं करून सांगतो. सोयाबीन भिजवायचं, सालं काढायची, उकडायचं, त्यावर एक पांढरी पूड भुरभुरायची आणि उबेत झाकून ठेवायचं. दीड दिवसात दाण्यांवर लव धरते आणि दाणे एकमेकांना चिकटून घट्ट वडी होते. ती वडी म्हणजे मी. ज्या गोष्टीला घरोघरी ‘बुरशी आली, टाकून दे’ म्हणतात, ती माझ्यावर मुद्दाम आणतात. अशा जन्माचा अभिमान बाळगावा की लाज, हे माझं अजून ठरलेलं नाही.

माझे दाणे डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर, भावसिंगच्या शेतात वाढले. तिथं आम्हाला कोणी खायची वस्तू समजत नाही. मळणी झाली, पोती शिवली, ट्रॉलीत चढवली की संबंध संपला. भावसिंगने इतकी वर्षं सोयाबीन पिकवलं, पण त्याच्या ताटात कधी एक दाणा पडला नाही. म्हणून त्याची बायको रूपाबाई पायलीभर दाणे आणि केळीची पानं घेऊन नीलांबरीच्या दारात आली, तेव्हा तिला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

“बाई, इतक्याशा दाण्यात कुठं पेरनी करता?”

“पेरायला नाही गं. खायला.”

“हे?” रूपाबाई चौकटीला टेकून हसायला लागली. “आमचं कुत्रंबी वास घेऊन माघारी जातं.”

नीलांबरी पण हसली, पण आपण वेडेपणा तर करत नाही ना, ही शंका तिच्या तोंडावर मला पिशवीतूनसुद्धा दिसली.

नीलांबरी ही माझी मालकीण. शिकलेली, बी.एड. झालेली. काळजी करणं हे तिचं मुख्य काम. बाकीची कामं ती त्यातून वेळ काढून करते. काळजीचं नाव जान्हवी, वय चार वर्षं. जान्हवीला दूध चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालतच नाही. घरात दत्ताच्या देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कार्तिकात अभिषेक झाला आणि आजीने, म्हणजे कालिंदीबाईंनी, नातीच्या तळहातावर चमचाभर पंचामृत घातलं. डॉक्टरांनी दूध बंद सांगितलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. पण देवाचं तीर्थ कुणाला बाधतं होय? पंधरा मिनिटांत लेकराचे ओठ सुजले आणि छातीत घरघर सुरू झाली. नीलांबरीचा नवरा उद्धव याने नांदेडच्या दवाखान्यापर्यंत गाडी कशी नेली, ते त्याला आजही आठवत नाही.

जान्हवी वाचली. नीलांबरी सासूला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं कालिंदीबाईंच्या चेहऱ्यावर अजूनही लिहिलेलं असतं.

आणि आता सोमवारपासून नीलांबरीला वारंगा फाट्याच्या शाळेत शिकवायला जायचं होतं. चार वर्षांनी मिळालेलं काम. दिवसभर जान्हवी आजीजवळ. एकीकडे पोरगी डाळीला तोंड लावेना, सोयाच्या वड्यांना कंटाळलेली. दुसरीकडे दुसऱ्या पोरांच्या डब्यातलं पनीर दिसलं की हात पुढे. पनीरसारखं दिसणारं, दातांना लागणारं, दुधाचा थेंब नसलेलं असं काही तिच्या पोटात गेलं, तर ती दुसऱ्याच्या डब्यात हात घालणार नाही, आणि आजीलाही ‘जरासं दे’ म्हणायची वेळ येणार नाही. असा नीलांबरीचा हिशोब. तो तिने मोबाइलवर व्हीगन स्वयंपाकाचे व्हिडिओ बघून मांडला होता. तिला स्वतःला व्हीगन बिगन व्हायचं नव्हतं. चहात दूध तिलाही लागतं. आणि दर घोटाला तिला गुन्हा केल्यासारखं वाटतं.

माझ्याआधी माझा एक भाऊ झाला होता. त्याचे दाणे ओले राहिले, वर प्लॅस्टिकची पिशवी गच्च बांधली. तो घुसमटला, चिकट झाला आणि असा वास मारायला लागला की उद्धवने नाक धरून त्याला उकिरड्यावर पोचवला. नीलांबरी त्या दिवशी जेवली नाही. ‘मला साधं दाणे कुजवणंही जमत नाही,’ एवढंच म्हणाली.

माझ्या वेळी तिने कसूर केली नाही. रात्रभर भिजवलं, तळहातांनी चोळचोळून सालं काढली, तासभर उकडलं, उद्धवच्या जुन्या धोतरावर पसरून पंख्याखाली कोरडं केलं. चमचाभर व्हिनेगर, मग पुण्याहून कुरिअरने आलेली पूड. केळीच्या पानात गुंडाळून वर सुतळी, पानाला सुईने भोकं. आणि पौषातली थंडी लागू नये म्हणून जान्हवीच्या बाळपणीच्या गोधडीत. एवढं लाडाकोडाचं बाळंतपण, आणि मी जन्मायच्या आधीच चुकत असलो तर? गोधडीत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यात नीलांबरी तासातासाला येऊन पान उलगडायची. डोकावायची, सुस्कारा टाकायची, पुन्हा बांधायची. वाढायचं म्हणून जरा जीव धरावा तर हिचं नाक आत. तिसऱ्या वेळी मनात आलं, बाई, तुझ्या पोरीचीही अशीच झोपमोड करतेस का? नंतर कळलं, करते.

शनिवारी संध्याकाळी मी आतून तापलो. वाढताना आम्ही तापतोच, तो आमचा स्वभाव आहे. पण नीलांबरीने पानावर पालथा हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

“अहो, याला ताप आहे.”

उद्धव पेपर वाचत होता. “क्रोसिन दे,” म्हणाला, आणि बायकोचं तोंड बघून पेपर खाली ठेवला. दोघांनी मिळून माझ्यावरची गोधडी काढली. तेवढ्याने मला बरं वाटलं, आणि तिलाही.

रविवारी सकाळी मी तयार होतो. वरून कापसासारखा पांढरा, एका भोकाजवळ राखाडी ठिपका. तो ठिपका बघून मलाच घाबरायला झालं. नीलांबरी तेव्हा जान्हवीला आंघोळ घालत होती. कालिंदीबाई देवघरातून उठून आल्या, त्यांनी गोधडी उचलली आणि पान उघडलं.

या घरात पापडाला, लोणच्याला, कुरडयांना बुरशी धरली की एकच उपाय: ऊन दाखवायचं. कालिंदीबाईंनी मला पानासकट ताटात घेतलं, गच्चीवर नेलं आणि सतरंजीवर ठेवून दिलं. रागाने नव्हे. सुनेने दोन दिवस जीव ओतलेली वस्तू वाया जाऊ नये म्हणून. मी उन्हात पडून होतो. ज्या लवेसाठी एवढा खटाटोप झाला, ती वाळायला लागली. आपण वाचवले जातोय की मारले जातोय, हे काही कळेना.

नीलांबरी ओल्या हातांनी धावत वर आली.

“आई, काहून आणलं हे वर?”

“बुरशी धरली होती नं. म्हटलं, ऊन लागलं तर निघून जाईल.”

“ती बुरशीच पाहिजे होती. तुम्ही मला विचारायचं नं एकदा.”

“विचारायचं म्हणजे तू आंघोळ घालून राहिली होतीस.” कालिंदीबाईंचा आवाज खाली आला. “आणि माझ्या हातून आता काहीच बराबर होत नाही, असं म्हणायचंय का तुला?”

नीलांबरी गप्प झाली. गेले दोन महिने होती तशीच. माझ्यावरून सुरू झालेलं बोलणं माझ्याबद्दल नव्हतं, एवढं मलाही समजलं.

तेवढ्यात रूपाबाई केळीचा फणा घेऊन वर आली. रविवारच्या बाजारात निघाली होती. माझ्याकडे बघून ती उकिडवी बसली, पान नाकाजवळ नेलं.

“काकू, ह्याला तर सात्याचा वास येऊन राहिला.”

“कशाचा?”

“सात्या वो. वारुळावर उगवत्यात न्हाई का, पावसात? पांढऱ्या. आमी खातो की.” तिने मला बोटाने दाबून पाहिलं. “सडलेलं असं घट ऱ्हात न्हाई. सडलं की पिचपिच करतं. हे चांगलंय.”

शिकलेल्या बाईला चार व्हिडिओ बघून जे सासूला पटवता आलं नाही, ते रूपाबाईने एका वासात पटवलं. नीलांबरीला बरंही वाटलं आणि जरा लागलंही.

त्या दुपारी माझा अर्धा भाग कापला गेला. नीलांबरीने तुकडे आधी दहा मिनिटं वाफवले, म्हणजे कडवटपणा निघतो. थोडे कुस्करून पोह्यांत घातले. उद्धवने दोनदा घेतले आणि मग विचारलं की यात काय होतं. थोडे वांग्याच्या भाजीत, शेंगदाण्याच्या कुटाच्या रश्श्यात सोडले. मी रस्सा चांगला पितो, हा गुण मला तेव्हाच कळला. चार तुकडे ठेचा लावून तव्यावर परतले, ते रूपाबाईने भाकरीवर घेतले आणि “मटनावानी चावावं लागतंय,” म्हणून कालिंदीबाईंसमोर जीभ चावली. हळद-मीठ लावून तळलेले मोठे चौकोन जान्हवीच्या ताटलीत गेले. पनीरसारखे दिसावेत म्हणून.

जान्हवीने एक चौकोन तोंडात घातला. आईच्या डोळ्यांत पाहिलं. आणि मला तळहातावर थुंकलं.

“हे पनीर नाहीये.”

“थोडं तरी खा गं राणी.”

“मम्मा खोटं बोलते.”

पोरीचं खरं होतं. मी पनीर नाही. पनीर म्हणून वाढलं तर मी वाईट पनीर ठरणारच. पण त्या वेळी मला एवढं शहाणपण नव्हतं. मी तळहातावर ओला पडून होतो. नीलांबरी ताटली घेऊन उठली आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली.

“मी उद्या शाळेत नाही म्हणून कळवते,” ती म्हणाली.

कालिंदीबाईंनी जान्हवीचा हात धुतला, आणि मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, “पोरगी खाईना म्हणून घरी राहून राहिलीस, का माझ्याजवळ ठेवायला भितीस?”

नीलांबरीने नळ सोडला आणि ताटली पाण्याखाली धरली.

“भिते,” नीलांबरी म्हणाली.

“मग असं बोल नं. दोन महिने झाले, मी वाट बघून राहिले.”

यावर दोघी रडल्या वगैरे नाहीत. नीलांबरीने नळ बंद केला. कालिंदीबाईंनी उरलेला अर्धा मी डब्यात घालून झाकण लावलं आणि डबा फ्रिजमध्ये सारला. “उद्या मी बघते याला,” म्हणाल्या.

आज सोमवार. नीलांबरी साडेनऊच्या गाडीने गेली. जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेली: दूध, दही, ताक, तूप, पनीर, खवा, बिस्कीट. लिहिता लिहिता तिचा पेन एका जागी अडकला होता आणि तिने तसाच उचलला होता. ती गेल्यावर कालिंदीबाईंनी चष्मा लावला, यादी वाचली, जान्हवीच्या रंगीत पेन्सिलींतली एक घेतली आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: पंचामृत.

मग त्यांनी मला बाहेर काढलं.

त्यांची तऱ्हा वेगळी. पातळ, बोटभर लांब काप. वाफ दिली, निथळू दिलं. चिंचेचा कोळ, गूळ, जिऱ्याची पूड, किंचित तिखट यांत बुडवून ठेवलं, आणि तोवर जान्हवीच्या तळव्याएवढी ज्वारीची चानकी, म्हणजे पोरांसाठीची छोटी भाकरी, थापली. तव्यावर तेल, आच बारीक. घाई नाही. एक बाजू लाल झाल्याशिवाय दुसरी नाही. वरून भाजलेल्या तिळाचा कूट. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा वास आवडला.

या घरात नैवेद्य दाखवण्याआधी स्वयंपाकाची चव बघत नाहीत. मीठ अंदाजाने. कालिंदीबाईंनी चाळीस वर्षांत कधी चमचा जिभेला लावला नाही. आज देवाचं ताट रिकामंच होतं. त्यांनी सगळ्यात खरपूस काप उचलला, फुंकर घातली आणि स्वतःच्या तोंडात टाकला. चावला. डोळे मिटून थांबल्या. जीभ, ओठ, घसा, सगळीकडे लक्ष देऊन थांबल्या, जसं त्या दिवशी थांबायला हवं होतं.

“आजी, देवाच्या आधी खाल्लंस?”

“खाल्लं. देव थांबतो.”

“हे पनीर आहे?”

“नाही बाई. हे टेम्पे आहे. तुझ्या आईने केलंय.”

ओट्यावर मोबाइल वाजतोय. शाळेची मधली सुट्टी झाली असणार. कालिंदीबाईंच्या हाताला चिंचगूळ लागलाय, त्यांनी कोपराने बटण दाबलं.

“आई, खाल्लं का हो तिने?”

“आत्ता कुठं ताटलीत वाढलंय. धीर धर.”

“तुम्ही ते बिस्कीट...”

“वाचलंय सगळं. तू तुझा वर्ग बघ.”

पलीकडून फोन ठेवला गेलेला नाही. नीलांबरी तिकडे श्वास रोखून उभी आहे, मी इकडे चानकीच्या घडीत आहे, आणि जान्हवी मला उलटसुलट करून बघते आहे. मी काय सांगू? मला पनीर म्हणू नका, मटण म्हणू नका. पांढरा दिसलो म्हणून उकिरड्यावर टाकू नका, आधी वास घ्या. पातळ कापा, वाफ द्या, आच बारीक ठेवा. आणि तुमच्या घरी कुणी चुकून मला उन्हात ठेवलं, तर त्या माणसाला दोन महिने गप्प राहून मारू नका.

पोरीने तोंड उघडलं आहे. चार दुधाचे दात मला दिसताहेत. पुढे काय झालं ते मला कळणार नाही. फोन चालू आहे, नीलांबरीला ऐकू येईल.