घासलेली डावी कडा

मित्रांनो, मी एक जुने, रोज किल्ली द्यावी लागणारे मनगटी घड्याळ आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, डोळ्याला भिंग लावलेल्या माणसावर माझा विश्वास नाही.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने पहिले मोठे काम मिळाले तेव्हा मला कोरे करकरीत विकत घेतले. ही गोष्ट ते मुलीला इतक्यांदा सांगत, की ती म्हणे, "बाबा, आता घड्याळालासुद्धा पाठ झालं असेल!" झालेच होते.

एकदा तेलपाण्यासाठी मी दुरुस्तीच्या दुकानात होतो. तिथे डोळ्याला भिंग लावलेल्या कारागिराने माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या घड्याळाला घासूनपुसून, नवी किल्ली बसवून 'कोरा माल' म्हणून विकलेले मी पाहिले. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो.

पेंटर गेले. मी कपाटात बंद पडून राहिलो. मग एके दिवशी लेकीने मला किल्ली दिली, डाव्या मनगटावर बांधले आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत नेले. तिथे जुनी घड्याळे रोज वापरणारी मंडळी जमतात. "माझं दहा मिनिटं पुढे असतं, म्हणून तर नोकरी टिकली," एक जण सांगत होता. एक बाई बसच्या दांड्याला घासून घड्याळावर पडलेला नवा ओरखडा, बाळाचा पहिला दात दाखवावा तसा सगळ्यांना दाखवत होती. माझेही कौतुक झाले. मी मात्र सावध. एवढे गोड कुणी उगाच बोलते का?

मंडळींतल्या एका काकांनी डोळ्याला भिंग लावून मला उलटेसुलटे केले. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. घड्याळ झिजतं ते किल्लीच्या बाजूने, ती बाजू पंजाकडे असते म्हणून. इथे तीच कोरी आणि डावी कडा पार घासलेली. किल्लीची बाजू कुणीतरी पॉलिश केलीय, किल्लीही नंतरची. जुनंच नवं म्हणून खपवलंय."

"बाबांनी कोरं घेतलं होतं."

"मग एकतर ते फसले, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

काका भिंग पुसू लागले. लेक माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत संशय होता, आणि तो माझ्यावर नव्हता. संशय घेण्यात मी मुरलेला, पण हा मला सोसवेना. मला तोंड नाही. हात म्हणावे तर दोन काटे, तेही वेळ दाखवण्यात गुंतलेले.

तिचा अंगठा माझ्या डाव्या कडेवरून फिरला. थांबला.

"काका, तुम्ही कुठल्या हाताने लिहिता?"

"हा काय प्रश्न? उजव्या."

"बाबा ब्रश डाव्या हातात धरायचे. उजवा हात भिंतीला टेकवून. घड्याळ त्याच हातात असायचं."

काकांनी मला आपल्या उजव्या मनगटावर ठेवून पाहिले. डावी कडा पंजाकडे आली, किल्ली बाहीत शिरली. "अहो, इतकी वर्षं घड्याळं तपासतोय, पण माणूस डावखुरा असेल हे काही डोक्यात आलं नाही!" मग ओशाळून म्हणाले, "ती कडा तरी गुळगुळीत करून देऊ?"

"नको. राहू दे."

मित्रांनो, जुन्या वस्तूवर संशय जरूर घ्या, मीही घेतो. पण तिला चकचकीत करायला देण्याआधी ती कुणाच्या हातात होती, ते विचारा. झीज एकदा घासून काढली की परत मिळत नाही.

लेक मला डाव्याच हातात घालते. परवा माझ्या किल्लीकडच्या कडेला पहिला ओरखडा पडला. तिने तो ओढणीने पुसून पाहिला. निघाला नाही, तेव्हा हसली.