काड्यांचा उन्हाळा

अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या जिल्ह्याच्या जत्रेत पूर्वी नवऱ्याला हाक मारायची स्पर्धा असायची. जेवण वाढलं की आम्ही बायका दारातून शेताकडे जशी हाक द्यायचो, तशी मंचावरून द्यायची. माझी नणंद व्हर्ना दरवर्षी पहिली यायची. मी दुसरी. तिची हाक सुरू झाली की लोक मुलांचे कान झाकायचे.

त्या वर्षी वसंतात माझी अक्कलदाढ काढली आणि जबडा अडकला. दातांत एक बोट जेमतेम शिरायचं. जांभई आली तरी कानापासून कपाळापर्यंत कळ जायची.

"गरम फडक्याने शेक," दातांचे डॉक्टर म्हणाले, "मऊ खा. आणि आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धर. सैल वाटलं की आणखी एक सरकव. ओरडायचं मात्र नाही. आ वासून ओरडलीस तर पुन्हा अडकेल."

"मग जत्रेत?"

"जत्रेत टाळ्या वाजव."

व्हर्नाला कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "चला, माझ्या भावाला, आर्विडला, यंदा सुट्टी! मार्गिट, तू बस गं खाली, मी ओरडते तुझ्याही वाटचं."

त्याच क्षणी मी ठरवलं, यंदा मंचावर चढायचंच.

काड्यांची बातमी गावभर झाली. रविवारी चर्चमधून निघताना लोक माझ्या पिशवीत चोखून धुतलेल्या काड्या टाकायचे. "तुझ्यासाठी खातोय हो आम्ही हे आइसक्रीम," म्हातारा पाद्रीसुद्धा म्हणाला. संध्याकाळी मी ओसरीवर काड्या दातांत धरून, डोळ्यांतून पाणी गाळत बसायची. मक्याचा हंगाम आला, तेव्हा कणसाचे दाणे सुरीने सोलून, ठेचून खाल्ले. आमच्याकडे असं खाणारा माणूस एक तर आजारी, नाहीतर शहरातला.

आर्विडला जेवायला बोलावणं हीच पंचाईत होती. घंटा वाजवली तर ट्रॅक्टरच्या घरघरीत बुडून जायची. एकदा बटाटे गार व्हायला लागले आणि मी चिडले. माझी आजी नॉर्वेत डोंगरावर गाई राखायची. ती गाईंना घालायची तसली बारीक, उंच साद मी दातांच्या फटीतून सोडली. जबडा हलला नाही, दुखला नाही. लांबवर ट्रॅक्टर थांबला.

आर्विड धावत आला. "किटलीची शिट्टी वाजली का गं?"

"तुलाच बोलावलं."

"हे तर घरघरीच्या वरून येतं!" तो म्हणाला आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

त्याने ते कोणाला सांगितलं नाही. मी रोज तशीच साद घालत राहिले.

जत्रेच्या दिवशी तोंडात दोन बोटं शिरत होती. नवऱ्यांना दूर, गुरांच्या गोठ्यापलीकडे पाठवलं होतं. व्हर्ना ओरडली तेव्हा मंचाच्या फळ्या थरथरल्या. मग मी चढले.

"अगं, काड्या आणल्यास ना?" खालून कोणीतरी विचारलं. सगळे हसले.

मी ओठ थोडे विलगले. "आर्वीऽऽऽड!"

सुईसारखी निघाली ती साद. बँडवाले वाजवायचे थांबले. मग गोठ्यातून प्रदर्शनाच्या गाई एकजात हंबरल्या. हंबरणं थांबेना. त्या गोंधळातून आर्विड तोंडाला आइसक्रीम माखलेल्या अवस्थेत पळत आला. त्याच्या मागे दोर तोडून आलेली एक तपकिरी गाय.

"आलो गं, आलो!"

"ही गाईंची हाक आहे," व्हर्ना परीक्षकांना म्हणाली. "नियमात बसत नाही."

"नवरा आला ना?" त्यातला थोरला परीक्षक म्हणाला. "तुझा क्लिफर्ड कुठाय?"

क्लिफर्ड अजून रांगेत उभा राहून लिंबूपाणी घेत होता.

पहिल्या बक्षिसाची निळी फीत माझ्या छातीवर लागली. व्हर्ना थोडा वेळ दिसेनाशी झाली. परत आली ती लोण्यात बुडवलेलं भाजकं कणीस घेऊन.

"घे," ती म्हणाली. "सुरी नाही आणलेली हं."

मी कणीस आडवं धरलं आणि जबडा हळूहळू उघडला. कळ आली नाही. पुढचे दात दाण्यांत रुतले, लोणी हनुवटीवरून ओघळलं. व्हर्नाने स्वतःच्या रुमालाने ते पुसलं.

दाणे दातांच्या फटींत अडकले होते. घरी पोहोचेपर्यंत मी ते काढले नाहीत.