घरातल्यांनाच मज्जाव

सलमान नातेपुत्यात एका खतांच्या दुकानात कॅमेरे बसवत होता. शिडीवर असतानाच सोलापूरच्या घरून बहिणीचा, गुलनाजचा फोन आला. ती इतकी रडत होती की आधी काही कळेचना. मग कळलं. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तेवढ्यात अम्मी घरातून निघून गेली होती. अंगावर बुरखा नाही, पायांत चप्पल नाही. अम्मीला, म्हणजे रुक्सानाबींना, गेल्या वर्षी विसरण्याचा आजार जडला होता आणि आता गल्लीच्या टोकावरूनही त्यांना स्वतःचं घर ओळखू येत नव्हतं.

गुलनाजने आधी पोलिस चौकीत कळवलं होतं आणि तिथल्या भारत हवालदारांनी एकच गोष्ट मागितली होती. "तोंड दिसंल असा फोटो द्या, लगेच. ऊन लई हाय. म्हातारं माणूस किती तग धरंल?"

फोटो होते. ढीगभर होते. पण कुठे होते ते विचारू नका.

अम्मीने जन्मभर परक्या पुरुषाला तोंड दाखवलं नव्हतं. 'यांचे ताजे फोटो काढून ठेवा' असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हाही तिची एकच अट होती: फोटो परक्याच्या मशीनवर जाता कामा नये. मग या पठ्ठ्याने जुन्या कॉम्प्युटरचा घरातच सर्व्हर केला. घरच्यांच्या फोनमधले फोटो आपोआप त्यात जायचे आणि फोनमधून पुसले जायचे. बाहेरून तो कुणालाच उघडता येत नसे, खुद्द सलमानलासुद्धा नाही. याचं त्याला कोण कौतुक! मित्रांना सांगत फिरला होता. आज तेच कौतुक गळ्याशी आलं होतं.

"तू घरातच आहेस ना? मग उघड की!"

"नाही उघडत, भाईजान. परवानगी नाही म्हणतंय."

पासवर्ड पुन्हा टाकून झाला. मशीन बंद करून चालू केलं. फोन बदलून पाहिला. उत्तर तेच. दुकानदार शिडीखाली पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, पण सलमानचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर फक्त तापलेला डांबरी रस्ता होता आणि त्यावर अम्मीचे अनवाणी पाय. त्याला ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडायचं कुणावर तेही कळत नव्हतं.

"घरात कोण आलं होतं का काल?"

"कोणी नाही. वायफायवाला तेवढा. जुना डबा काढून नवा लावून गेला."

सलमानच्या लक्षात आलं. तो शिडीच्या पायरीवरच बसला. नव्या डब्याने घरातल्या सगळ्या फोनना नवे पत्ते दिले होते. आणि सर्व्हरला सलमाननेच शिकवून ठेवलं होतं, की जुन्या पत्त्यांवरून येतील तेवढेच घरचे, बाकी जग परकं. सर्व्हर बिचारा सांगितलेलं काम इमानाने करत होता. घरचीच पोरगी त्याने दारात अडवली होती.

"गुलनाज, रडू नको. त्याला टीव्हीची वायर जोड. कीबोर्ड लाव. मी सांगतो तसं टाइप कर."

ती एकेक अक्षर शोधत टाइप करत होती. प्रत्येक ओळ दोनदा करावी लागत होती. शेवटी फाइल उघडली.

"'डिनाय ऑल' असं दिसतंय कुठं?"

"दिसतंय."

"ती ओळ पूस. तीच सगळ्यांना अडवतेय."

"चुकलं तर सगळे फोटो जातील का रे?"

"नाही जात. पूस, बाई, पूस!"

तिने ओळ पुसली, फाइल सेव्ह केली, सर्व्हर पुन्हा चालू केला.

"उघडलं. ईदचा फोटो आहे. हसतेय अम्मी." मग हळूच, "पाठवू हवालदारांना?"

अम्मीला दिलेला शब्द त्याला आठवला. पण बाहेर ऊन रणरणत होतं.

"पाठव."

तो मिळेल त्या जीपने सोलापूरकडे निघाला. वाटेत तोच फोटो चौकीतून पसरत त्याच्याकडे परत परत येऊ लागला. कॅमेरेवाल्यांच्या ग्रुपवर, गिऱ्हाइकांकडून, नावही ठाऊक नसलेल्या नंबरांवरून. 'हरवल्या आहेत, पुढे पाठवा.' प्रत्येक वेळी अम्मी हसत होती, आणि प्रत्येक वेळी सलमानला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

सोलापूर जवळ आलं तेव्हा हवालदारांचा फोन आला. "गावल्या! जुळे सोलापुरात हुत्या. रिक्षावाल्यानं फोटोवरनं वळखलं की. बऱ्या हायती, या तुमी."

सलमान धावतच चौकीत शिरला. अम्मी बाकावर बसली होती. शेजारी गुलनाज. अम्मीने कुणाचासा टॉवेल डोक्यावरून ओढून तोंड पार झाकून घेतलं होतं. रिक्षावाल्याने ओळख पटवायला मोबाइलवरचा तोच फोटो तिच्यासमोर धरला होता, तेव्हापासून ती तशीच होती, पाणीसुद्धा टॉवेलच्या आडूनच पीत होती.

तो तिच्या पायांशी बसला. "अम्मी."

तिने टॉवेल आणखी खाली ओढला. त्याला तिने ओळखलं नव्हतं. ती वाकून कुजबुजली,

"भय्या, मेरा फोटू सबके मोबाइल में आया. मेरे सलमान कू नको बोलो. बुरा लगेगा उसकू."

"नै बोलतूं," सलमान म्हणाला.