भर उन्हातलं धोंड्याचं जेवण

जत तालुक्यातल्या त्या वस्तीवर सकाळपासून ‘ऊन’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. बंदी तानुबाईनं घातली होती आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. मेंढरं घेऊन निघालेल्या शेजाऱ्यालाही तिनं बांधावर गाठून बजावलं होतं, "आज जावई येणार हाय. लय तापतंय बिपतंय म्हणत हिकडं फिरकू नगंस."

कारण तसंच होतं. पल्लवी ही तिची एकुलती एक लेक, कराडला दिलेली. तिला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात तानुबाईला काडीची शंका नव्हती. शंका आली ती विहीणबाईंना. जतच्या उन्हात, पत्र्याच्या घरात, सुनेला ऐन दिवसांत कशी ठेवायची, असं त्या फोनवर म्हणाल्या आणि तानुबाईचा जीव टांगणीला लागला. शेवटी असं ठरलं की अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतातच, तर त्या निमित्तानं जावई येईल, घर बघेल आणि तो म्हणेल ते सगळ्यांनी ऐकायचं.

पण यंदा अधिक महिना आला तो नेमका ज्येष्ठाला चिकटून! त्यात जावई वीरधवल म्हणजे कराडच्या नदीकाठचा माणूस. औषधाचं दुकान, दुकानात एसी. लग्न दीड वर्षापूर्वी मार्गशीर्षात झालेलं, नंतरचं येणंही थंडीतलंच, त्यामुळे या वस्तीवर त्यानं आजवर फक्त शेकोटीच पाहिली होती.

तानुबाईनं मग काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. पत्र्यावर पोती अंथरली आणि टँकरचं साठवलेलं पाणी त्यांच्यावर ओतलं. तिचे यजमान बाळासो बघतच राहिले.

"आगं, उद्या प्यायचं काय?"

"उद्याचं उद्या बघू. आज पत्रा गार ऱ्हायला पायजे."

चोची वासून धापा टाकणाऱ्या कोंबड्या पाहुण्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून तिनं त्या पाटीखाली झाकल्या. भावाकडून कूलर मागून आणला.

वीरधवल ऐन दुपारी आला. शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा तांबडाबुंद. पण उंबऱ्यातच म्हणाला, "मामी, हवा छान आहे हो तुमच्याकडं!" तानुबाईला हायसं वाटलं. जावयानं खिशातून मोबाइल काढून त्यावरचा तापमानाचा आकडा नुसता पाहिला, तेवढ्यात बाळासो घाईनं म्हणाले, "त्येच्यावर इस्वास ठेवू नगा, पावणं. त्यो मोबाइल कराडचा, त्येला हितलं काय कळतंय?"

ताट वाढलं आणि वीज गेली. कूलर दोनदा खोकून गप्प झाला. घर बघता बघता भट्टीसारखं तापलं. आणि नेमकं तेव्हाच बाळासोंना मानपान आठवला. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं, नवंकोरं काळं घोंगडं त्यांनी जावयाच्या खांद्यावर घातलं. तानुबाई डोळे वटारत होती, पण नवऱ्याला वटारलेले डोळे दिसतील तर शपथ.

"टोचत न्हाई न्हवं?" बाळासोंनी विचारलं.

"छे, छे. छान ऊब आहे," जावई म्हणाला. घामाची धार नाकाच्या शेंड्यावरून पुरणात पडत होती. तरी त्यानं धोंडा संपवला, आणखी एक मागून घेतला. तानुबाईचं लक्ष वाढण्यात नव्हतं. त्याचे ओठ पांढरे पडताना तिला दिसत होते. घोंगडं काढा म्हणावं, तर उकडतंय हे कबूल केल्यासारखं होणार. तिनं तोंड दाबून धरलं. ही चूक पुढं जन्मभर तिला खुपणार होती.

हात धुवायला म्हणून जावई उठला आणि घोंगड्यासकट कोसळला.

तानुबाईनं घोंगडं ओढून भिरकावलं. पाण्याला धावली तर पिंप कोरडं, सगळं पाणी पत्र्यावर वाळलेलं. शेवटी पिण्याचा माठ त्याच्या डोक्यावर रिकामा केला, पदरानं वारा घातला, कांदा फोडून हुंगायला दिला. "आवं, डोळं उघडा, पावणं," ती रडत म्हणत राहिली.

बऱ्याच वेळानं जावयानं डोळे उघडले. ताक पोटात गेल्यावर हळूच म्हणाला, "मामी, पल्लवीला यातलं काही सांगू नका. उन्हाचं नावही काढायचं नाही, असं तिनं बजावून पाठवलंय. फार मन लागलंय तिचं इकडं. येत्या आठवड्यात आणून सोडतो. आईला मी समजावतो."

बाळासोंचा चेहरा उजळला. "बघ! मी म्हणत हुतो न्हवं, जावई न्हाई म्हणायचं न्हाईत!"

तानुबाईला हवं होतं ते पदरात पडलं होतं. तिनं जावयाकडं पाहिलं. धडधाकट गडी, पण अजून भिंतीला टेकूनच बसला होता. त्याच्या जागी पोटुशी पल्लवी तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि तिला धडकीच भरली.

"न्हाई," ती म्हणाली. "ती हितं यायची न्हाई. फोन लावा तिला."

पल्लवी फोनवर हमसून रडली. "आये, तूच नगं म्हनतीस? मग माझं बाळतपन कोन करनार?"

"मी येती तिकडं."

बाळासो दचकले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा नेम तानुबाईनं कडक पाळलेला. कराडला गेली की पाण्याची बाटली घरून न्यायची. "आन् मेंढरं? आन् मी काय खाऊ?"

"भाकरी शिका," ती म्हणाली.

पलीकडं पल्लवीनं नाक ओढलं आणि हळूच विचारलं, "आये, यंदा खरंच लय ऊन हाय का गं तिथं?"

आजवर जो कोणी असं म्हणाला त्याच्याशी तानुबाई भांडली होती.

"लय हाय, बाय," ती म्हणाली.