दिवाणखान्याची वाकडी भिंत

बायडाबाईंनी चपला फाटकापाशीच काढल्या आणि अक्षतांची वाटी पदराखाली धरून त्या आंब्यांच्या सावलीत शिरल्या. मागून नातू पियुष नारळ घेऊन येत होता.

"आजी, चपला कशाला काढल्यास? बाग आहे ही."

"रान हाय आपलं. इथं जोंधळा व्हता."

धायरीतलं ते रान पंपांच्या कारखान्याच्या साहेबांनी विकत घेतलं, बंगला बांधला, आणि रानातला म्हसोबा कुंपणाच्या आत राहिला. साहेब होते तोवर फाटक उघडलं नाही. पियुषच्या वडिलांचं लग्न देवाला आवतण न देताच झालं. ते लवकर गेले. का गेले, याबद्दल बायडाबाई कधी काही बोलल्या नाहीत. पण पियुषची पहिली अक्षत देवालाच, त्याशिवाय लग्न नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

आता ना विहीर दिसत होती, ना बाभळी. दुपारच्या उन्हात पांढरा बंगला पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा हलत होता. व्हरांड्यात साहेबांच्या सूनबाई, सत्यशीलाबाई, काठी टेकून उभ्या होत्या. एवढ्या घरात त्या एकट्याच उरल्या होत्या.

"या. तो आत आहे."

"आत? घरात?"

झुंबरांना कापडं गुंडाळलेली. पायाखाली गार संगमरवर. दिवाणखान्याची एक भिंत मधेच पोटुशी बाई उभी असावी तशी पुढे आली होती.

"आर्किटेक्चरची मुलं येतात हिचे फोटो काढायला. काय कल्पना आहे म्हणतात! अहो, गवंड्यांनी देव हलवायला नकार दिला, एवढीच कल्पना."

भिंतीमागे अरुंद दार होतं. आत म्हसोबा. शेंदूर ताजा.

बायडाबाई देवापुढे बसल्या.

"कोन लावतं?"

"आधी सासूबाई लावायच्या, मामंजींच्या नकळत. मग मी. अवसेला शिरा करते."

"शिरा? म्हसोबाला?" बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला. "कोंबडं खानारा द्येव त्यो! उपाशी ठिवला की वो!"

"आम्हाला कोण सांगणार? फाटक बंद होतं ना."

बायडाबाईंनी अक्षता वाहिल्या, नारळ ठेवला आणि बराच वेळ डोकं टेकलं. उठल्यावर वाटीतली दुसरी चिमूट त्यांनी सत्यशीलाबाईंच्या तळहातावर ठेवली.

"आजी, देवानंतर मान भावकीचा, तूच म्हणालीस ना?" पियुष हळूच म्हणाला.

"मंग दुसरं काय करतीया मी?"

त्या सत्यशीलाबाईंकडे वळल्या.

"नुसतं जेवायला येऊ नगा, बाई. चार दिस आधी ऱ्हायाला या."